उभी झाडे आणि कार्बन क्रेडिट : ग्रामपंचायतींनी काय जाणून घ्यावे

(सावेडी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि विस्तार कर्मचारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आज आपण ज्या सावेडीत जमलो आहोत, ते एकेकाळी अहमदनगर शहराच्या वेशीबाहेरचे स्वतंत्र गाव होते. आता ते शहराचे गजबजलेले उपनगर झाले आहे, आणि २०२४ सालापासून शहर व जिल्हा यांचे नावही अहिल्यानगर असे झाले आहे. येथील एका रस्त्याला गुलमोहराचे नाव आहे. झाडांची ओळख पत्त्यात जपणाऱ्या या वस्तीत झाडांच्या पैशाविषयी बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आला, याला तसेच एक कारण आहे.

काही दिवसांपूर्वी एका गावच्या सरपंच ताई एक टंकलिखित करारनामा घेऊन माझ्या कार्यालयात आल्या. त्यांच्या गावाच्या सामाईक जमिनीवर सुमारे ४ हेक्टरांत सागवान, सिसू आणि कडुनिंब यांची जुनी लागवड उभी आहे. एका मध्यस्थाने गावात येऊन असे सांगितले होते की, ही झाडे तोडू नका, फक्त राखा. त्याबद्दल परदेशी कंपन्या दरवर्षी पैसे देतील. करार ४० वर्षांचा होता. त्याच वेळी एक लाकूड ठेकेदारही गावात फेऱ्या मारीत होता आणि उभ्या मालाला रोख रक्कम देण्यास तयार होता. ग्रामसभा आठ दिवसांवर आली होती. ताईंनी मला सरळ विचारले, "साहेब, झाडे उभी आहेत. मग त्यांचे पैसे आम्हांला मिळणार की नाही?"

हा प्रश्न ऐकून मी मनातून काहीसा ओशाळलो. कारण त्यापूर्वीच्या एका वनमहोत्सवात मी स्वतःच भाषणाच्या ओघात सांगून बसलो होतो की, झाडे जगवा, उद्या त्यांचे कार्बन क्रेडिट तुम्हांला मिळेल. ते विधान अपुरे होते, आणि अपुऱ्या माहितीवर गावे निर्णय घेतात तेव्हा अपुरेपणाची किंमत गावालाच मोजावी लागते. म्हणून तो विषय मी पुन्हा मुळापासून अभ्यासला. त्यातून जे हाती आले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

क्रेडिट म्हणजे नेमके काय?

झाड वाढते म्हणजे काय होते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. झाड हवेतील कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, शोषून घेते आणि त्यातील कर्ब आपल्या खोडात, फांद्यांत व मुळांत साठविते. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी साधारणपणे ४७ टक्के भाग कर्बाचा असतो, असे हिशेबासाठी धरले जाते. १ किलो कर्ब साठण्यासाठी हवेतील सुमारे ३.६७ किलो कर्बवायू खर्ची पडतो. म्हणजे मुळांसह २०० किलो कोरडे वजन असलेल्या एका झाडात सुमारे ९४ किलो कर्ब आणि त्या हिशेबाने ३४५ किलो कर्बवायू अडकलेला असतो. अशी तीन झाडे मिळून सुमारे १ टन कर्बवायू होतो.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे १ टन कर्बवायू हवेतून कमी केल्याचा किंवा हवेत जाऊ न दिल्याचा तपासलेला दाखला होय. ज्या कारखान्याला किंवा कंपनीला आपल्या धुराचा हिशेब जुळवावयाचा असतो, ती कंपनी असा दाखला विकत घेते. येथपर्यंत सर्व सोपे वाटते. साहजिकच कोणीही म्हणेल की, आमच्या गावात तीन हजार झाडे उभी आहेत, तेव्हा आमची एक हजार क्रेडिटे झाली.

नेमकी येथेच गफलत होते. क्रेडिट साठ्याबद्दल मिळत नाही, भरीबद्दल मिळते. विकत घेणाऱ्याचा पैसा आला नसता तर जेवढा कर्ब साठला असता, त्याहून जो अधिक साठला, तेवढ्याचाच दाखला देता येतो. आधी जेवढे असते आणि पैशाविना जेवढे झाले असते, त्याला आधाररेषा म्हणतात. बँकेत आपण व्याजाची मागणी करतो ती ठेव ठेवल्यापासून पुढच्या काळाची. ठेव ठेवण्यापूर्वी ते पैसे घरातील पेटीत किती वर्षे होते, याचे व्याज कोणी देत नाही. येथेही तोच न्याय लागतो.

यामागील कारणही समजून घेतले पाहिजे. दाखला विकत घेणारी कंपनी त्या दाखल्याच्या आधारे तेवढा धूर हवेत सोडण्यास मोकळी होते. आपल्या गावची झाडे तशीही उभी राहणारच होती आणि आपण त्यांचा दाखला विकला, तर धूर तेवढा वाढला आणि शोषण मात्र पूर्वीइतकेच राहिले. कागदावर हिशेब जुळला, आकाशात तो जुळला नाही. मग पाऊस लांबला, उन्हाळा तापला की त्याचा पहिला तडाखा आपल्यासारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यालाच बसतो.

जागतिक नियमांचा इतिहास

हा नियम कोणा कारकुनाच्या लहरीतून आलेला नाही. १९९७ साली जपानमधील क्योटो येथे जो करार झाला आणि जो २००५ साली अमलात आला, त्यान्वये विकसित देशांना आपल्यासारख्या देशांतील प्रकल्पांकडून क्रेडिटे घेण्याची मुभा मिळाली. परंतु वनांच्या बाबतीत ही मुभा केवळ नव्या लागवडीपुरती होती. ज्या जमिनीवर ३१ डिसेंबर १९८९ रोजी वन होते, ती जमीन पुनर्वनीकरणाच्या प्रकल्पास पात्र धरली जात नसे. उभे वन राखल्याबद्दल त्या व्यवस्थेत क्रेडिट नव्हतेच. शिवाय झाड जळू शकते, तोडले जाऊ शकते, म्हणून वनांची क्रेडिटे मुदतीची असत. मुदत संपली की ती पुन्हा भरून द्यावी लागत.

आपल्या देशात या व्यवस्थेखाली झालेली कामे पाहिली म्हणजे हा नियम स्पष्ट होतो. हरियाणातील सिरसा जिल्ह्यात सरकत्या वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेल्या सुमारे ३७० हेक्टर खाजगी जमिनीवर ८ गावांतील २२७ शेतकऱ्यांनी एकत्र येऊन झाडे लावली. तो प्रकल्प २००९ साली नोंदला गेला. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील आणि आताच्या तेलंगणातील खम्मम जिल्ह्यात सुमारे ३,००० हेक्टर निकस जमिनीवरील लागवडीची नोंद झाली. तेथे कागद उद्योगाने शेतकऱ्यांना साहाय्य केले होते. हिमाचल प्रदेशात मध्य हिमालयातील पाणलोट विकासाशी जोडलेला सुमारे ४,००० हेक्टरांचा प्रकल्प २०११ साली नोंदला गेला. त्यात अनेक ग्रामपंचायतींच्या पडीक जमिनी होत्या आणि क्रेडिटे घेण्यासाठी जागतिक बँकेच्या निधीशी करार झाला होता.

या तिन्ही ठिकाणी दोन गोष्टी समान आहेत. जमीन आधी उघडी होती, आणि एकेकट्या शेतकऱ्याने किंवा गावाने काम न करता अनेकांनी आपली जमीन एका प्रकल्पात गुंफली होती.

उभ्या वनांना क्रेडिट कोठे मिळते?

तर मग उभ्या इमारती लाकडाच्या लागवडीला क्रेडिट कधीच मिळत नाही काय? तसेही नाही. क्योटो व्यवस्थेबाहेर स्वेच्छेचा एक बाजार आहे. त्यात "सुधारित वनव्यवस्थापन" नावाचा एक प्रकार मानला जातो. समजा, एखादी लागवड २० व्या वर्षी तोडावयाची ठरली होती. मालकाने ती ३० व्या वर्षापर्यंत राखण्याचे कबूल केले, विरळणी शास्त्रशुद्ध केली, आणि वणव्यापासून बचाव केला, तर त्यामुळे जो अधिक कर्ब साठतो त्याची मोजणी होऊ शकते. म्हणजे येथेही केवळ उभे राहणे पुरत नाही. पूर्वीच्या रीतीत बदल व्हावा लागतो आणि तो बदल सिद्ध करावा लागतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१३ सालापासून आपल्या क्रेडिट योजनेत अशा उभ्या वनांनाही स्थान दिले. तेथे त्या प्रदेशातील सर्वसाधारण वनांच्या सरासरीहून अधिक साठा असलेल्या वनाला क्रेडिट मिळे, आणि त्याच्या बदल्यात मालकाला तो साठा १०० वर्षे राखण्याची हमी द्यावी लागे. पुढे संशोधकांनी हे हिशेब तपासले, तेव्हा २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना असे आढळले की, तपासलेल्या क्रेडिटांपैकी सुमारे ३० टक्के प्रत्यक्षात कमावलेली नव्हती. सरासरी काढताना भिन्न जातींची वने एकत्र धरली गेली होती, हे त्याचे एक कारण होते. २०२३ साली "सायन्स" या नियतकालिकात सहा देशांतील २६ वनसंरक्षण प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष असा की, बहुतेक ठिकाणी दाखविलेली बचत प्रत्यक्ष बचतीहून पुष्कळच अधिक होती. या अभ्यासांनंतर खरेदीदार सावध झाले आहेत, आणि नियमही कडक होत चालले आहेत.

आपल्या देशापुरते सांगावयाचे तर दोन निरनिराळ्या योजनांची गल्लत टाळली पाहिजे. केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिचे प्रशासन ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिट नियम निघाले. त्याचे प्रशासन डेहराडूनच्या भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेकडे आहे. ग्रीन क्रेडिटमध्ये निकृष्ट झालेल्या वनजमिनीच्या पुनरुज्जीवनावर भर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत किमान पाच वर्षांचे काम आणि किमान ४० टक्के छत्र घनता यांची अट घालण्यात आली. म्हणजे खड्डे खणल्याच्या फोटोवर क्रेडिट द्यावयाचे नाही, झाड जगल्यावर द्यावयाचे, ही दिशा आता शासनानेही स्वीकारली आहे. लागवडीचे आकडे मोजण्याची आपल्या सर्वांना लागलेली सवय लक्षात घेता हा बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे.

हिवरे बाजारचा प्रश्न

आता मी आपल्याच जिल्ह्याकडे येतो. येथून अवघ्या सोळा-सतरा किलोमीटरांवर हिवरे बाजार आहे. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा त्या गावचे डोंगर उघडे होते, विहिरी कोरड्या होत्या आणि माणसे कामासाठी बाहेर जात होती. पुढे आदर्श गाव योजनेत गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, झाडे लावली, गुरे मोकळी सोडण्याऐवजी गवत कापून नेण्याची शिस्त लावून घेतली. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविली आणि सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे काम त्याहूनही आधी, १९७५ नंतर, सुरू झाले होते.

ज्या गावांनी आपला डोंगर असा हिरवा केला, त्यांना त्या उभ्या झाडांचे कार्बन क्रेडिट मिळेल काय? नियमांच्या चौकटीत पाहिले तर याचे उत्तर बहुतांशी नकारार्थीच येते. तो कर्ब क्रेडिटच्या पैशाची वाट न पाहता साठविला गेला. ज्याने आधी केले, त्याचे काम आधाररेषेत जमा झाले. उलट ज्या गावाने आपला डोंगर बोडका होऊ दिला, ते गाव आज नव्या लागवडीसाठी पात्र ठरते. येथे एखादा सदस्य उठून विचारील की, हा कुठला न्याय? त्याचा राग मी समजू शकतो. क्रेडिटची व्यवस्था ही सत्कृत्याचे पारितोषिक देण्यासाठी उभारलेलीच नाही. ती धुराचा हिशेब जुळविण्यासाठी उभारलेली आहे. तिच्याकडून पारितोषिकाची अपेक्षा केली की निराशा ठरलेली असते.

पारितोषिकाचे मार्ग निराळे आहेत, आणि आपल्या देशात ते थोडेफार चाललेलेही आहेत. बाराव्या वित्त आयोगाने २००५ ते २०१० या काळासाठी राज्यांना वनांच्या देखभालीकरिता १,००० कोटी रुपयांचे अनुदान सुचविले. तेराव्याने ते ५,००० कोटींवर नेले. चौदाव्या आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरविताना वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला आणि पंधराव्याने वन व पर्यावरणासाठी तो १० टक्के केला. उभे वन राखणाऱ्याला काही मिळाले पाहिजे, हे तत्त्व यात मान्य झाले आहे. हा पैसा राज्यांपर्यंत येतो. तो राखणाऱ्या गावापर्यंत कसा पोचावा, हा प्रश्न ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा परिषदांनी योग्य त्या व्यासपीठावर अवश्य मांडावा. तो मांडण्याचा आपल्याला अधिकार आहे.

बाकी हिवरे बाजारला झाडांनी काही दिलेच नाही, असे कोण म्हणेल? विहिरीतील पाणी, दावणीची गुरे, त्यांना मिळालेले गवत, डेअरीला जाणारे दूध आणि परत आलेली कुटुंबे, ही सर्व त्या डोंगराचीच मिळकत आहे. तिचा दाखला कोणत्याही परदेशी नोंदवहीत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

चार हेक्टरांचा हिशेब

आता त्या सरपंच ताईंच्या गावाचा हिशेब करून पाहू. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. प्रत्यक्ष मोजणीत ते बदलतील. समजा, ४ हेक्टरांत १,६०० झाडे उभी आहेत आणि प्रत्येकाचे कोरडे वजन सरासरी १०० किलो आहे. एकूण १६० टन लाकूड, त्यात सुमारे ७५ टन कर्ब, म्हणजे सुमारे २७६ टन कर्बवायू झाला. मध्यस्थ हाच आकडा दाखवितो. टनामागे ५०० रुपये धरले तर १ लाख ३८ हजार रुपये होतात, आणि ही रक्कम दरवर्षी मिळेल असा समज करून दिला जातो.

वास्तविक हा साठा आहे, आणि तो आधाररेषेत गेला. दरवर्षी प्रत्येक झाड ४ किलोने वाढते असे धरले तर वर्षाची वाढ ६.४ टन लाकडाची, म्हणजे सुमारे ११ टन कर्बवायूची होते. पण झाडे न तोडण्याचा गावाचा निर्णय आधीचाच असेल, तर ही वाढही करार न करता झालीच असती. करारामुळे, म्हणजे अधिक राखणीमुळे व मोकळ्या जागा भरल्यामुळे, जी जादा वाढ झाली तीच मोजावयाची. ती चौथा हिस्सा धरली तर वर्षाला फार तर ३ क्रेडिटे, म्हणजे १,५०० रुपये होतात. त्यातून प्रकल्पाची कागदपत्रे, स्वतंत्र तपासनीसांची भेट, नोंदणी शुल्क आणि मध्यस्थाचा वाटा वजा करावयाचा आहे. हा खर्च लाखांच्या घरात जातो. शिवाय वणव्यासारख्या आपत्तीसाठी काही क्रेडिटे राखीव ठेवावी लागतात. ४ हेक्टरांच्या गावाला हा व्यवहार एकट्याने परवडणारा नाही, हे यावरून उघड होते. शेकडो गावांची हजारो हेक्टर पडीक जमीन एकत्र आली, नवी लागवड झाली आणि विश्वासार्ह संस्थेने पुढाकार घेतला, तरच खर्च विभागून काही उरते.

सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

असा करारनामा आपल्या गावात आला तर ग्रामसभेत काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.

पहिला प्रश्न जमिनीचा. सातबारावर नाव कोणाचे आहे? गायरान, वनजमीन आणि शेतकऱ्याचा बांध यांचे कायदे निरनिराळे आहेत. सार्वजनिक जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून ४० वर्षांच्या करारात गुंतविता येत नाही. शेतकऱ्याच्या मालकीचे सागवानाचे झाड तोडावयाचे तरी १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आणि सावेडीसारख्या शहरी भागात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो.

दुसरा प्रश्न नोंदणीचा. प्रकल्प कोणत्या नोंदवहीत, कोणत्या क्रमांकाने, कोणत्या पद्धतीखाली नोंदला आहे? ज्याला क्रमांक सांगता येत नाही, त्याच्याजवळ विकण्याजोगे क्रेडिटही नाही.

तिसरा प्रश्न आधाररेषेचा. आमच्या गावातील नेमके काय अधिक धरले जाणार आहे? या एका प्रश्नावरच पुष्कळसे मध्यस्थ अडखळतात.

चौथा प्रश्न मुदतीचा व बंधनाचा. ४० वर्षांत तीन पिढ्यांचे सरपंच होतील. मधल्या दुष्काळात गावाला चारा म्हणून फांद्या छाटाव्या लागल्या, शाळेच्या छपरासाठी दोन झाडे लागली, वणवा लागला, तर भरपाई कोणी द्यावयाची?

पाचवा प्रश्न पैशाचा. वाटा एकूण रकमेवर की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर? खर्चाची कमाल मर्यादा कोणती? आणि गावाकडून आगाऊ शुल्क मागितले जात असेल, तर तेथेच थांबणे बरे.

आपल्यापैकी ज्येष्ठांना १९९० नंतरच्या दशकातील सागवान योजनांच्या जाहिराती आठवत असतील. थोडे पैसे गुंतवा, वीस वर्षांनी लाखो मिळवा, असा त्यांचा सूर असे. देशभर अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांची पुंजी अशा योजनांत बुडाली आणि अखेर १९९९ साली सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. सागाच्या झाडात खोट नव्हती. खोट त्याच्यावर रचलेल्या आश्वासनात होती. हा अनुभव आपण विसरता कामा नये. याचा अर्थ प्रत्येक मध्यस्थ लबाड असतो, असाही नाही. प्रामाणिक संस्था या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतील.

आज गावाला करण्याजोगे

मग त्या गावाने काय करावे? लाकूड ठेकेदाराला एकदम सर्व माल देऊन मोकळे व्हावे काय? माझे उत्तर असे की, तीही घाई नको. लागवडीची पहिली गरज राखणीची आहे. दाटी झाली असेल तेथे वनाधिकाऱ्यांच्या सल्ल्याने व परवानगीने विरळणी करावी. रोगट व वाकडी झाडे निघाली म्हणजे सरळ झाडांना अन्न व उजेड मिळतो आणि विरळणीच्या मालाचे चार पैसेही गावाला होतात. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढाव्यात. मोकळ्या जागा कडुनिंब, करंज, चिंच, बोर अशा आपल्या कमी पावसात तग धरणाऱ्या झाडांनी भराव्यात. गवत कापून नेण्याची पाळी ठरवावी आणि त्याचे उत्पन्न राखणदाराच्या मजुरीला लावावे.

शिक्षक मित्रांना माझी खास विनंती आहे. गावातील झाडांची नोंदवही शाळेने करावी. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, जात लिहावी, आणि जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाचा घेर साध्या शिंप्याच्या फितीने मोजावा. दरवर्षी त्याच महिन्यात मोजणी व्हावी. यात मुलांना गणित, भूगोल आणि विज्ञान एकदमच शिकता येते. गावाला मात्र त्याहून मोठा लाभ आहे. उद्या शासन, कृषी विद्यापीठ किंवा एखादी विश्वासार्ह संस्था अनेक गावांना एकत्र करून योजना घेऊन आली, तर आधाररेषा कोणती हा वाद उद्भवणार नाही. ती आपल्या शाळेच्या कपाटात असेल. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. वजनाचा अंदाज करण्याची सूत्रे आणि योग्य जातींची निवड यांसाठी तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेता येईल.

शेतकरी सदस्यांनी बांधावरील आणि पडीक तुकड्यावरील नव्या लागवडीचा विचार जरूर करावा. क्रेडिटची शक्यता तेथेच अधिक आहे. परंतु झाडाची निवड करताना लाकूड, फळ, चारा आणि सावली यांचा हिशेब आधी मांडावा. क्रेडिट मिळाले तर ते वरचे उत्पन्न समजावे. १९८० नंतर पुष्कळांनी एकाच बाजारभावाकडे पाहून निलगिरी लावली आणि माल एकदम बाजारात आल्यावर भाव कोसळले, हा धडा फार जुना झालेला नाही.

राज्यात २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवून मोठी मोहीम झाली. अशा मोहिमांतून लावलेल्या रोपांपैकी आपल्या हद्दीत आज किती उभी आहेत, एवढा एक प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीने पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. त्याचे खरे उत्तर मिळाले, म्हणजे पुढच्या योजनेची अर्धी तयारी झाली असे समजण्यास हरकत नाही.

त्या सरपंच ताईंना मी हेच सर्व सांगितले. त्यांनी ग्रामसभेत पाचही प्रश्न वाचून दाखविले. मध्यस्थाने उत्तरांसाठी मुदत मागितली आणि ती अद्याप संपलेली नाही. ठेकेदारालाही ग्रामसभेने नकार कळविला. वनाधिकाऱ्यांकडे विरळणीसाठी अर्ज गेला आहे आणि शाळेने मोजणीस सुरुवात केली आहे. परवा ताईंचा दूरध्वनी आला होता. त्या म्हणाल्या, "साहेब, कागदावर १,६०० झाडे होती. मुलांनी मोजली तर १,१८२ भरली. आता चारशे अठरांचा शोध लावायचा आहे." मला वाटते, त्या गावाचे काम येथून सुरू झाले.